ओमला ‘नाही’ कोणी म्हणायचं?

लहान मुलं एवढा थयथयाट का करतात, असं मला विचारणारी माणसं बहुतेक वेळा त्याच मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा देता देता विचारतात. मी अंगणवाडीत चौतीस वर्षं काढली. सोनाळ्याच्या बाजूला आमचं गाव. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, वीस-बावीस मुलं, मदतनीस लताबाई आणि मी सेविका. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रस्त्यात कोणाचंही पोर आडवं झालं की सगळे माझ्याकडे बघतात. मागच्या आठवडी बाजारात भाजीच्या दुकानापुढे एका बाईचा मुलगा चिखलात लोळत होता. ती मला म्हणाली, “बाई, जरा धमकावा ना याले.” मी तिला ओळखतसुद्धा नव्हते. मी वांगी घ्यायला गेले होते.

माझी सून अकोल्याला असते. ती फोनवर व्हिडिओ पाठवते. त्यात एक छान आवाजाच्या बाई सांगतात, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, त्याच्या भावनेला नाव द्या. बसावं की. पण माझे गुडघे असे आहेत की एकदा खाली बसले तर उठायला लताबाईचा हात लागतो. आणि बावीसातली चार मुलं एकदम भोकाड पसरतात तेव्हा कोणाच्या पातळीवर बसायचं, ते त्या बाई काही सांगत नाहीत.

खरं म्हणजे यात गूढ काही नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला काय हवं ते कळतं, पण नीट सांगता येत नाही आणि थांबता तर मुळीच येत नाही. भूक लागलेली असते, झोप आलेली असते, चड्डी ओली असते, आणि मग ते कशावरूनही फुटतं. आमच्याकडे खिचडीला उशीर झाला की साडेअकराला हमखास दोघं-तिघं जमिनीवर असायची. त्याला मी हट्ट म्हणतच नसे. तोंडात घास गेला की संपलं. पोट भरलेलं, झोप झालेली, आणि तरी पोर डोळ्यांच्या कोपऱ्यातून कोण बघतंय ते तपासत रडत असेल, तर मात्र मी सूप घ्यायची.

सूप म्हणजे तांदूळ निवडायचं साधं सूप. पोर लोळायला लागलं की मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसायची आणि खिचडीचे तांदूळ निवडायला घ्यायची. बोलायचं नाही, रागवायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, आणि उठूनही जायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बाई चिडली नाही, पळाली नाही, आपली तिथंच आहे, एवढं त्याला कळलं पाहिजे. आणि जे नाही म्हटलं ते नाहीच. दहा-पंधरा मिनिटांत पोर सरकत सरकत यायचं आणि सुपात बोट घालायचं. मी म्हणायची, “तो खडा दिसतो का, काढ बरं.” झालं.

एकदा अशा वेळी नेमक्या आमच्या पर्यवेक्षिका येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी भेटीच्या वहीत लिहिलं, ‘बालक रडत असताना सेविका तांदूळ निवडत होती.’ खोटं काहीच नव्हतं. त्या गेल्यावर ते बालक माझ्या मांडीवर बसून खडे काढत होतं, हे कोण लिहिणार?

तर या सुपाचा मला फार माज होता. गावातल्या पोरी लग्न होऊन गेल्या, त्यांची पोरं झाली, तीही आजोळी आल्यावर माझ्या सुपाशी येऊन गप्प झाली. माझ्यासमोर टिकेल असं पोर जन्माला यायचंय, असं मी लताबाईला बोलूनही दाखवायची. मग ओम आला.

ओम म्हणजे द्रौपदाकाकूंचा नातू. संत्र्याची मोठी बाग असलेलं घर. आमची अंगणवाडी भरायची ती खोली काकूंच्याच सासऱ्यांनी गावाला दिलेली, आणि हे काकू कोणाला विसरू देत नसत. दोन नातींच्या पाठीवर हा मुलगा. वर्षाचा असताना एकदा पडला, रडायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. ओठ निळे पडले, डोळे फिरले, अंग सैल झालं. घरात हलकल्लोळ. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल हुंगवली, कोणी तोंडावर पाणी मारलं. मिनिटाभरात पोर शुद्धीवर आलं, आणि प्रत्येकाला वाटलं की आपल्याच उपायानं आलं. पण ते पुन्हा झालं, पुन्हा झालं, आणि दर वेळी रडण्यावरून झालं. मग घरात कायदाच झाला की ओमला रडवायचं नाही. त्याचा बाप गजानन ट्रॅक्टरवरून उतरला की ओट्यावरूनच ओरडायचा, “जे मांगते ते द्या ना बे त्याले!” आणि स्वतः फोनमध्ये डोकं घालायचा.

तीन वर्षांचा झाल्यावर ओम अंगणवाडीत आला, तोही आजीला घेऊन. काकू दारातच बसायच्या, मांडीवर बिस्किटाचा पुडा. मी त्यांना सांगून पाहिलं, “काकू, तुम्ही घरी जा. आजी समोर असली की मूल रमत नाही.” त्या म्हणाल्या, “आनि पोट्ट्याले काही झालं तं?” मी मनात म्हटलं, काय व्हायचंय? नाटक आहे सगळं, माझ्यापुढे चालणार नाही.

चौथ्या दिवशी माझी परीक्षा झाली. सना नावाची एक मुलगी होती, गादीवाल्या सलीमभाईंची. तिच्या वडिलांनी पिंजलेल्या कापसाचा, चिंध्यांचं कव्हर शिवलेला एक चेंडू तिला करून दिला होता. ती तो रोज आणायची. ओमला तो हवा झाला. मी म्हटलं, “तो सनाचा आहे, ओम. नाही मिळणार.” आणि सूप पुढे ओढलं. त्याच्याकडे बघितलं नाही, म्हणजे माझ्या पद्धतीप्रमाणेच सगळं चाललं होतं. एकदा जोरात किंकाळी आली आणि पुढे काहीच नाही. मी वाट बघतेय, आता दुसरी येईल. तेवढ्यात लताबाई ओरडली. वळून बघते तर पोर निळं. मान मागे पडलेली.

सूप कुठे गेलं, तांदूळ कुठे गेले, मला माहीत नाही. मी त्याला उचललं, हलवलं, काकूंनी छाती पिटायला सुरुवात केली, लताबाई कांदा आणायला धावली. शेवटी त्यानं श्वास घेतला. आणि मग मी जे केलं ते मला आजही खुपतं. मी सनाच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि ओमच्या हातात दिला. सना रडली नाही, ओढाओढही केली नाही. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. ओम त्या चेंडूशी दोन मिनिटंही खेळला नाही, त्यानं तो टाकून दिला. दुसऱ्या दिवसापासून सना रिकाम्या हातानं यायला लागली.

त्यानंतर चौतीस वर्षं पोरं सांभाळलेली ही बाई ओमची नोकर झाली. पहिली खिचडी त्याला, खिडकीजवळची जागा त्याला, घसरगुंडीवर तो असेपर्यंत बाकीचे उभे. मुलं आंधळी नसतात. आठवड्याभरात पिंटू नावाचा एक मुलगा दोन्ही गाल फुगवून, डोळे वटारून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी विचारलं, “काय झालं रे?” त्याला उत्तर द्यायला श्वास सोडावा लागला, मग म्हणाला, “मी निळा होऊन राह्यलो. मले घसरगुंडी द्या.” हसावं की कपाळ बडवावं ते मला कळेना.

याच सुमारास ओमची आई वैष्णवी एका दुपारी मुलं गेल्यावर आली. ही पोरगी फार कमी बोलायची. सासूला ती मामी म्हणायची. त्या दिवशी दाराला पाठ लावून म्हणाली, “बाई, काल त्याच्या हातातला विळा काढून घेतला मी. हात कापला असता त्याचा. तं निळा पडला. मामी म्हनते, हे तुह्याच हातानं होते. पुढच्या डावाले असं झालं तं पोट्टं नांदुऱ्याले जाते, आत्याकडे. आत्या त्याले कधीच रडू देत नाही म्हने.”

“गजानन काय म्हणतो?”

“ते म्हनतात, माय म्हनते ते बरोबर.” मग हळूच म्हणाली, “मी त्याले विळा द्याले पाह्यजे होता का, बाई?”

मी स्वतः एका लहान पोरीचा चेंडू देऊन मोकळी झाले होते. मला तिच्या सासूचा राग आला, नवऱ्याचा आला, ओमचा तर आलाच, आणि सगळ्यात जास्त माझा आला.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे लसीकरण होतं. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाई त्या दिवशी स्वतः आल्या होत्या. सुई बघितली आणि ओमनं तोंड उघडलं. आवाज बंद, ओठ निळे. काकू धावल्या, मी धावले. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना हातानंच मागे सारलं, ओमला सतरंजीवर कुशीवर निजवलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसल्या. कांदा नाही, पाणी नाही. पाऊण मिनिटात त्यानं आपणहून श्वास घेतला आणि किरकिरायला लागला.

“हे तो मुद्दाम करत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि यानं तो मरणारही नाही. रडताना काही मुलांचा श्वास अडकतो. श्वास त्याचा तोच घेतो.” मग त्यांनी त्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि विचारलं, “हा जेवतो काय?”

काकू अभिमानानं म्हणाल्या, “दूध पेते ना! म्हशीचं. दिवसातून चार गिलास. आनि बिस्किटं. दुसरं काही तोंडात धरत नाही.”

“आणि लोहाचं औषध? बाटली मिळाली होती ना?”

आता मला सांगायलाच हवं. ती बाटली त्यांच्या घरी गेली होती. गृहभेटीला गेले तेव्हा मी ती देवाच्या फोटोमागे बघितली होती, झाकण न फोडलेली. काकू म्हणाल्या होत्या, या औषधानं लेकराची शी काळी होते, पोट जळतं, आम्ही नाही देत. त्या औषधानं शी काळी होतेच आणि त्यात काही वाईट नसतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या घरी असते तर मी तासभर भांडले असते. पण ज्यांच्या खोलीत बसते त्यांच्याशी कोण वाद घालणार? मी कागदावर ‘औषध सुरू आहे’ अशी खूण केली आणि चहा पिऊन आले. त्यातून ओम गुबगुबीत. वजनाच्या तक्त्यावर त्याचा ठिपका नेहमी हिरव्या पट्ट्यात. पाहुणे आले की मी त्यालाच पुढे करायची, बघा आमची सुदृढ बालकं म्हणून. नुसत्या दुधावर फुगलेलं, आतून पांढरंफटक पोर मी मिरवत होते.

डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासायला खामगावला पाठवलं. हृदयात काही निघालं नाही, मेंदूत काही निघालं नाही. रक्त मात्र फारच कमी निघालं. रक्त कमी असलं की श्वास असा जास्त अडकतो, असं त्यांनी समजावलं. औषध रोज द्यायचं, दूध कमी करायचं, भाकरी-वरण सुरू करायचं, आणि नाही म्हटलं की नाहीच. औषधाला काही महिने लागतील, तोवर असं पुन्हा होऊ शकतं, पण घाबरून हट्ट पुरवू नका. काकूंनी एवढं सगळं ऐकून एकच वाक्य धरलं, ‘पुन्हा होऊ शकतं.’ त्या म्हणाल्या, “पुन्हा झालं तं नांदुरा. मी सांगून ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दारात बसू दिलं नाही. बिस्किटाचा पुडा आत आणू दिला नाही. मग जे झालं ते बघायला अर्धं गाव जमलं. काकूंनी उंबऱ्यात बसकण मारली, पदर तोंडावर घेतला आणि गळा काढला. “माह्या सासऱ्यानं देल्ली खोली हाये ही! मलेच भायेर काढता? पोट्ट्याले मारून टाकतीन हे!” लताबाई मला म्हणाली, “आता काय करता?” मी चौतीस वर्षं जे केलं तेच केलं. सूप आणलं, काकूंपासून हातभर अंतरावर बसले आणि तांदूळ निवडायला लागले. त्यांच्याकडे बघितलं नाही, बोलले नाही, उठलेही नाही. जमलेल्या बायांना खूण करून वाटेला लावलं.

अर्धा तास गेला असेल. आवाज उतरत गेला. पदर खाली आला. मग काकू नाक पुसत म्हणाल्या, “किती खडे हायेत वं या तांदळात,” आणि सूप स्वतःकडे ओढून घेतलं.

मी म्हटलं, “काकू, ती बाटली तुम्ही एकट्यांनी ठेवली नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. चूक दोघींची आहे.” त्यांनी सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाल्या, “देतो मी औषद. पन नांदुऱ्याचं म्हननं हाये ते हाये.”

औषध सुरू झालं. काकू शी बघून रोज नाक मुरडायच्या आणि तरी द्यायच्या, हे कबूल केलं पाहिजे. ओमनं आधी भाकरी थुंकली, मग दुधात कुस्करलेली गिळली, मग पोरांच्या पंगतीत बसून खिचडी खायला लागला. पण त्याला अजून कोणी ‘नाही’ म्हणत नव्हतं. ना घरात, ना माझ्याकडे. वैष्णवी तर त्याच्याशी बोलतानाही घाबरायची. अडीच-तीन महिने गेले. नखं गुलाबी दिसायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता किती दिवस राजा करून ठेवणार आहात त्याला?”

मी सलीमभाईंच्या दुकानात गेले. सना कापसाच्या ढिगाशेजारी बसली होती. मी तिला म्हटलं, “तुझा चेंडू मी काढून घेतला होता, ते माझं चुकलं. उद्या आणशील का? आता मी कोणालाच देणार नाही.” सना बापाकडे बघून म्हणाली, “बाई झूट बोलते.” सलीमभाई ओशाळले, पण पोरीचं काय चुकलं होतं?

तरी तिनं आणला. चार दिवसांनी आणला, फ्रॉकच्या खाली दडवून. त्या दिवशी वैष्णवी ओमला सोडायला आली होती आणि काकू तिच्या मागे होत्याच. ओमला चेंडूचा फुगवटा दिसला. “मले पाह्यजे.” सना भिंतीला चिकटली. सनानं माझ्याकडे बघितलं, काकूंनी बघितलं, लताबाईनं बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात वैष्णवी म्हणाली, “नाही, ओम. तो सनाचा हाये.”

मी तिचा आवाज एवढा स्पष्ट कधी ऐकला नव्हता. ओमनंही ऐकला नसावा. तो आईकडे बघत राहिला, मग धाडकन जमिनीवर आडवा झाला आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. काकूंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. वैष्णवी त्याच्या शेजारी बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून, उचलायचं नाही म्हणून. मी मनात आकडे मोजत होते. एक, दोन, तीन, चार.

मग ओम रडला. पूर्ण, मोकळा, छप्पर उडेल असा रडला. श्वास घेतला आणि पुन्हा रडला. श्वास घेतला आणि पुन्हा. चेहरा लालबुंद झाला. निळा नाही. लाथा झाडल्या, डोकं आपटलं, आजीला हाका मारल्या, आणि काकू माझं मनगट धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी हजारो वेळा पोरांचं रडणं ऐकून वैतागले असेन, पण त्या दिवशी ते संपू नये असं वाटत होतं. अर्थात वीस मिनिटं झाल्यावर पुरे रे बाबा आता, असंही वाटलं. माझं डोकं ठणकत होतं. शेवटी हुंदके देत तो सरकत आला आणि आईच्या मांडीत डोकं घालून पडला. चेंडू सनाच्याच हातात होता.

आणि मग वैष्णवी रडायला लागली. त्याच्यासारखीच, तोंड उघडून, मोठ्यानं. ओम पहिल्यांदा निळा पडल्यापासून दोन वर्षांत तिला कोणी रडताना बघितलं नव्हतं. पोरं खेळायची थांबून बघायला लागली. लताबाई पाणी घेऊन पुढे झाली. काकूंनी तिला अडवलं. त्या माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदाच हुकूम न करता म्हणाल्या, “सुनंदाबाई, पोराईले घेऊन जरा भायेर जाता का? तिले रडू द्या.”

मी सगळ्या मुलांना पडवीत आणलं. काकूंनी आतून दार ओढून घेतलं आणि त्या सुनेजवळ बसल्या.